थंडीत काकडीचा वेल का आखडतो आणि शेजारची करडई का टवटवीत राहते?

प्रश्न असा आहे की, सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काकडीचा वेल मान टाकतो, पण करडई आणि गहू मजेत असतात, ते का?

स्वयंपाकघरातच बघा. थंडीत तुपाची वाटी घट्ट गोठते, करडईचं तेल मात्र पातळच राहतं. पेशीच्या पडद्याचंही तसंच आहे. त्यातली चरबी गोठली की पडदा गळका होतो आणि पान मलूल पडतं.

ही चरबी पातळ ठेवणारी एन्झाइम म्हणजे डिसॅच्युरेज. पहिलं एन्झाइम हरितलवकात स्टिअरिक या मेदाम्लाचं (म्हणजे चरबीच्या घटकाचं) ओलिक करतं, पुढची त्याचं लिनोलिक. त्यांचे वितळणबिंदू बघितले की सगळं कळतं: स्टिअरिक साधारण ६९ अंश, ओलिक १३, लिनोलिक उणे ५. रेणूत एकेक दुहेरी बंध वाढतो, एवढाच फरक!

पण माझ्या मते खरी गंमत त्याच्या बाजूला आहे. हरितलवकात ग्लिसरॉल-३-फॉस्फेटला, म्हणजे चरबीच्या रेणूच्या कण्याला, पहिलं मेदाम्ल जोडणारं एक एन्झाइम असतं. ते संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) आम्लालाही जवळ करतं की असंपृक्तच (दुहेरी बंध असलेलं) निवडतं, यावर बरंच ठरतं. १९९२ मध्ये जपानच्या मुराता यांच्या गटाने तंबाखूत भोपळ्याचं हे जनुक घातलं, तर झाड थंडीला जास्त हळवं झालं; ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचं घातल्यावर जास्त काटक. काकडी भोपळ्याच्याच कुळातली, हे लक्षात आलंच असेल.

अर्थात एवढ्यावरच सगळं नसतं, पेशीत साठणारी साखर आणि काही प्रथिनंही मदतीला येतात. आणि करडईच्या बियांतलं तेल वेगळं, पानातल्या पडद्याची चरबी वेगळी. वरचं उदाहरण फक्त समजण्यापुरतं.