ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) रिपोर्टमध्ये ‘१० हर्ट्झ अल्फा’ लिहिलंय. मेंदू ध्यानावस्थेत होता का?

नाही, तुम्ही डोळे मिटून जागे आणि निवांत होतात, एवढंच त्यातून कळतं. मी पुण्यात ईईजी काढण्याचंच काम करतो. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झचा (सेकंदाला ८ ते १३ लहरींचा) अल्फा बहुतेकांत दिसतो, उघडले की दबतो. माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणारे जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९-३० च्या सुमारासच हे मांडलं होतं. (डेक्कनवर कुणी ‘अल्फा जागवायची’ फी मागितली तर लक्षात ठेवा, तो फुकट येतो.) डुलकी लागताना तो विरतो आणि ४ ते ८ चा थीटा येतो, गाढ झोपेत त्याहून संथ डेल्टा. मात्र नुसत्या आकड्यावरून माणूस शुद्धीवर आहे की नाही हे ठरत नाही: कोमातल्या काही रुग्णांतही अल्फाच दिसतो, फक्त डोळे उघडले तरी तो सहसा बदलत नाही.