तुमचे प्रश्न: हार्टला होल, ग्रहण आणि पीएचडी

प्रश्न: ताई, मी भांडुपला राहते, एमेस्सी लाईफ सायन्सच्या लास्ट इयरला आहे. दादाच्या मुलाला जन्मतःच हार्टला होल निघालं, व्हीएसडी. आई तेव्हापासून वहिनीला ऐकवते की ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झालं. मला ह्याच विषयात रिसर्च करायचाय, पण बाबा म्हणतात तू डॉक्टर नाहीस तर बाळांच्या हार्टशी तुझा काय संबंध, आणि पैसे किती मिळणार?

उत्तर: आधी वहिनीचं बघू, ते जास्त अर्जंट आहे. गर्भाचं हृदय, गर्भ राहिल्यापासून साधारण २२व्या दिवशी धडधडायला लागतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, कित्येकींनी तोवर टेस्टसुद्धा केलेली नसते. तेव्हा ती नुसती एक नळी असते, मग ती उजवीकडे वळते, आत पडदे तयार होतात आणि दोन महिने होईस्तोवर चार कप्पे रेडी. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा पूर्ण जुळला नाही की व्हीएसडी. ह्यात विळी आणि ग्रहण कुठेच येत नाही. शंभरात जवळपास एक बाळ हृदयात काहीतरी दोष घेऊन जन्मतं, आणि बहुतेकदा अमुक एका कारणावर बोट ठेवताच येत नाही, आम्हा संशोधकांनाही नाही. आईला हे तूच सांग, वहिनीला पुढे करू नकोस.

आता बाबा. डॉक्टर तयार झालेलं हृदय दुरुस्त करतात, आम्ही डेव्हलपमेंटल बायोलॉजीवाले (गर्भात अवयव कसे घडतात ते शोधणारे) ते घडताना बघतो, आणि माणसात ते बघता येत नाही म्हणून माश्या, मासे आणि उंदीर. हसू नकोस, १९९३ मध्ये रॉल्फ बोडमर ह्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की फळमाशीतला टिनमन नावाचा जीन बिघडला तर माशीला हृदयच येत नाही, आणि १९९८ मध्ये, ज्या घरांत पिढ्यानपिढ्या हृदयाच्या पडद्याला भोक आणि ठोक्यांच्या वायरिंगमध्ये ब्लॉक होता तिथे त्याच जीनच्या माणसातल्या भाऊबंदात, एनकेएक्स टू-फाइव्हमध्ये, म्युटेशन म्हणजे बिघाड सापडला. पाच वर्षांत माशीवरून थेट पेशंटवर!

पण खरी गंमत पुढेच आहे. एकाच घरात, तेच म्युटेशन, तरी एकाला वरच्या पडद्यात भोक, दुसऱ्याला खालच्या, तिसऱ्याला नुसता ब्लॉक. जीनच्या दोन कॉपींपैकी एकच बिघडलेली असते, म्हणजे काम बंद पडत नाही, माल कमी पडतो. हाताचा अंगठा आणि हृदय दोन्ही बिघडवणाऱ्या होल्ट-ओरम सिंड्रोममध्येही तसंच, तिथला जीन, टीबीएक्स फाइव्ह, १९९७ मध्ये सापडला. किती कमी पडला, नेमका कधी, बाकीच्या जीन्सनी किती सांभाळून घेतलं, ह्यातच आमच्या लोकांची अख्खी करिअरं जातात.

झीब्राफिश, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा, म्हणूनच लाडका. भ्रूण काचेसारखा पारदर्शक, एका दिवसात हृदय चालू, आणि एवढासा जीव असल्यामुळे पाण्यातूनच ऑक्सिजन मिळतो, त्यामुळे हृदय पार बिघडलं तरी तो काही दिवस जगतो आणि आपल्याला बिघाड बघता येतो. उंदराचं पिल्लू पोटातच मरतं.

मात्र भाच्याला बरं करायला ह्यात येत असशील तर नको येऊस. त्याला पीडियाट्रिक कार्डिओलॉजिस्ट हवा, आणि छोटं व्हीएसडी पुष्कळदा आपोआप बुजतं. लॅबमध्ये तुझी पाच-सहा वर्षं एका जीनमागे जातील, तेही नशिबाने साथ दिली तर.

पैसे: पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, जेआरएफला, महिना ३७,००० अधिक एचआरए (घरभाडं भत्ता), पुढे सीनियर झालीस की एसआरएफला ४२,०००. भांडुपला घर आहे म्हणून भागेल. ह्या फेलोशिपसाठीची नेट परीक्षा दे, टीआयएफआर ह्या कुलाब्याच्या संशोधन संस्थेची एन्ट्रन्सही दे. कुलाबा असो, पवईची आयआयटी असो की परळची प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था, बोर्डावरचं नाव बघू नकोस, ती लॅब रोज काय करते ते विचार. आणि हार्टच पाहिजे असा हट्ट आत्ताच नको, माशाचा पर कसा येतो ह्यावर काम केलंस तरी मायक्रोस्कोप, क्रिस्पर (जीन कापून बदलायचं तंत्र), सिक्वेन्सिंग (डीएनए वाचणं) तेच शिकशील.

प्रश्न: पहिल्या मुलीचं हार्टचं ऑपरेशन झालंय. दुसरा चान्स घ्यावा का? (मुलुंड)

उत्तर: ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. शंभरात एकाच्या जागी धोका साधारण दोन-तीनचा होतो, घरात आणखी कोणाला असेल तर जास्त. रुबेलाची लस राहिली असेल तर दिवस जायच्या आधी घ्या, शुगर ताब्यात ठेवा, आणि १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, कराच, नुसत्या नेहमीच्या सोनोग्राफीवर थांबू नका. त्याआधी एकदा जेनेटिक काउन्सेलरला भेटा, मुलीची ऑपरेशनची फाईल घेऊन.