रेनडिअरच्या गाडीत बसण्याआधी

उत्तर फिनलंडमधील लॅपलँडच्या सहलीविषयी वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांपैकी चार पत्रे केवळ रेनडिअर (बर्फाळ प्रदेशातले हरीण) पाळणारी फार्म आणि तेथील हिवाळी स्लेजची, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या गाडीची, फेरी यांविषयी असल्याने या अंकात त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी हेलसिंकीला नोकरीस आहे. येत्या हिवाळ्यात मी, माझे यजमान आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई तिच्याकडे जाणार आहोत. तिने लॅपलँडमधील रोवानिएमी शहराजवळच्या एका रेनडिअर फार्मची भेट ठरवण्याचे मनात घेतले आहे. परंतु एवढ्या कडाक्याच्या थंडीत मुक्या जनावराला जुंपायचे आणि आपण मौजेने मागे बसायचे, हे मला पटत नाही. आपले काय मत आहे? शिवाय सासूबाईंना ही फेरी झेपेल का? (वाचिका, सातारा)

उत्तर : आपल्या मनातील शंका रास्त आहे. तिच्यातील थंडीचा भाग आणि जुंपण्याचा भाग मात्र वेगवेगळे पाहावे लागतील.

थंडी हे या प्राण्याचे दुःख नव्हे. त्याच्या अंगावरचे लांब केस आतून पोकळ असतात आणि त्यांच्याखाली दाट लोकरीचा थर असतो, त्यामुळे अंगातील ऊब बाहेर पडत नाही. उणे वीस अंशांत बर्फावर निवांत बसून रवंथ करणाऱ्या रेनडिअरच्या पाठीवर पडलेला हिम वितळतही नाही. नाकाच्या आतील गुंडाळ्यांसारख्या रचनेमुळे बाहेरची गोठवणारी हवा फुफ्फुसांपर्यंत पोचण्याआधी उबदार होते आणि उच्छ्वासातली उष्णता व ओलावा पुन्हा शरीरात ठेवून घेतला जातो. त्याला खरा त्रास होतो तो उन्हाळ्यात, उकाड्याचा आणि डासांचा.

आता जुंपण्याविषयी. पर्यटकांची गाडी ओढणारा रेनडिअर बहुधा खच्ची केलेला नर असतो. फिन्निश भाषेत त्याला ‘हर्का’ म्हणतात आणि तोच शब्द बैलासाठीही वापरतात. ज्यांच्या घरी गोऱ्हा शिकवून बैल तयार झालेला पाहिला आहे, त्यांना पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. आधी माणसाची सवय, मग दोराची, मग रिकाम्या गाडीची आणि शेवटी ओझ्याची, अशी ही शिकवण टप्प्याटप्प्याने चालते. तिला काही वर्षे लागतात आणि स्वभावाने भित्रा किंवा तापट निघालेला प्राणी मालक स्वतःच बाजूला काढतो. त्याला वेसण नसते. तोंडावर एक साधी म्होरकी आणि हाकणाऱ्याच्या हातात एकच दोर, एवढ्यावर तो चालतो. दाबून घट्ट केलेल्या बर्फावर लाकडी स्लेज सहज घसरते, तिच्यात दोनच माणसे बसतात आणि चाल साधारण माणसाच्या चालीइतकीच असते, त्यामुळे ओढण्याचे कष्ट आपल्याला वाटतात तेवढे नसतात.

तरीही सगळीच फार्म सारखी नाहीत, म्हणून आपल्या मुलीला आरक्षण करण्यापूर्वी फार्मच्या मालकांना थेट प्रश्न विचारायला सांगावे: एक प्राणी दिवसाला किती फेऱ्या करतो, त्याला मध्ये किती विसावा मिळतो, बर्फ कमी पडला किंवा हवा उबदार झाली तर फेऱ्या बंद ठेवता का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तोंड उघडून धापा टाकणारा रेनडिअर तापलेला असतो, आणि तशा प्राण्याला पुन्हा जुंपताना दिसले तर आपण गाडीत बसू नये.

आपल्याला एवढे सांगून थांबलो तर उत्तर अर्धवट राहील, कारण ज्या गोष्टीचे वाईट वाटून घ्यावे की न घ्यावे हे ज्याने त्याने ठरवायचे, ती स्लेज नाहीच. रेनडिअरपालन हा तेथे मुख्यतः मांसासाठीचा व्यवसाय आहे. बहुतेक पाडसे पहिल्या वर्षाच्या आतच, हिवाळ्याच्या तोंडाशी कत्तलीला जातात. गाडीसाठी निवडलेला हर्का मात्र वर्षानुवर्षे जगतो, त्याला नाव असते आणि घरातली मुले त्याला हाक मारतात. हे सत्य फार्मवरचे लोक लपवत नाहीत, पाहुण्याने विचारले तर सरळ सांगतात. मला या मोकळेपणाबद्दल आदर वाटतो.

हा व्यवसाय केवढा आहे तेही पाहा. फिनलंडच्या सुमारे 36 टक्के भूभागावर रेनडिअर पाळले जातात. हा प्रदेश ‘पालिस्कुंता’ नावाच्या 54 सहकारी संघांत विभागलेला आहे आणि हिवाळी कळपातील प्राण्यांची एकूण संख्या 2,03,700 च्या वर जाऊ द्यायची नाही, अशी मर्यादा सरकारने घातली आहे. प्राणी वर्षाचा बराचसा काळ रानात मोकळे हिंडतात. उन्हाळ्यात पाडसे आईमागे चालत असतानाच त्यांना घेरून त्यांच्या कानांना मालकाच्या खुणेचे छेद देतात, कारण हजारो प्राण्यांच्या कळपात मालकी ओळखण्याची खूण कानच असतो. शरद ऋतूपासून कळप पुन्हा गोळा करून वेगळे काढले जातात. आपण पाहणार ते कुंपणातले दहा-वीस प्राणी या मोठ्या रहाटगाडग्यातला अगदी छोटा, माणसाळलेला भाग असतो.

फार्मवर आपल्या हातात पांढुरकी, जाळीदार, स्पंजासारखी दिसणारी मूठभर वनस्पती देतील आणि ती रेनडिअरला भरवायला सांगतील. ती खरे तर वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून तयार झालेला तो जीव आहे आणि आपल्या गोडा मसाल्यातले दगडफूल त्याच गोतावळ्यातले आहे. हिवाळाभर रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून मुख्यतः हेच खातो. ही दगडफुले वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात; एकदा चरून किंवा तुडवून संपलेले रान पूर्ववत व्हायला दशके जातात. अलीकडे हिवाळ्यातच मध्ये पाऊस पडतो, ते पाणी जमिनीलगत गोठून काचेसारखा थर तयार होतो आणि अन्न वितभर खाली असूनही प्राण्याला ते उकरता येत नाही. पूर्वी अशा वेळी जुन्या झाडांच्या फांद्यांवर दाढीसारखी लोंबणारी दगडफुले कामी येत, परंतु जुनी जंगले तोडली गेल्याने तीही कमी झाली आहेत. त्यामुळे रेनडिअरपालकांना विकतचा चारा घालावा लागतो, आणि म्हणूनच अनेक कुटुंबांना पर्यटकांच्या फेऱ्यांतून येणारा पैसा आज गरजेचा झाला आहे. नीट चालवलेल्या फार्मवर जाऊन आपण त्या प्राण्यावर अन्याय करत नाही, असे माझे मत आहे.

सासूबाईंविषयी: स्लेज जमिनीला टेकलेली असते आणि तिच्यात पाय लांब करून बसावे लागते. फेरीचे धक्के सौम्य असतात, पण बसताना आणि विशेषतः उठताना गुडघ्यांवर भार येतो. त्यांना गुडघेदुखी असेल तर अर्ध्या किंवा एका किलोमीटरची छोटी फेरी घ्यावी आणि चढ-उतरताना दोघांनी हात द्यावा. फेरी त्यांनी टाळली तरी हरकत नाही. शेकोटीजवळ बसून, जवळ येणाऱ्या प्राण्यांना खाऊ घालत त्यांचा वेळ छान जाईल.

प्रश्न : आम्ही नागपूरकर, पंचेचाळीस अंशांचे लोक. उणे तापमानाची भीती वाटते. कोणत्या महिन्यात जावे आणि काय घालावे? (वाचक, नागपूर)

उत्तर : डिसेंबर टाळता आला तर टाळावा. नाताळमुळे रोवानिएमीत त्या वेळी फार गर्दी होते आणि महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास क्षितिजाला टेकून मावळतो. आणखी उत्तरेला, उत्सयोकी येथे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. या काळाला तेथे ‘कामोस’ म्हणतात. त्या निळसर संधिप्रकाशाचे स्वतःचे सौंदर्य आहे, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्च निवडावा असे मी सुचवेन. बर्फ भरपूर आणि कडक असतो, दिवस मोठा झालेला असतो, आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यताही उरते. हेलसिंकीहून रोवानिएमी सुमारे 800 किलोमीटरवर आहे. रात्रीच्या रेल्वेत झोपण्याच्या खोल्या मिळतात आणि सकाळी खिडकीतून बर्फाने वाकलेली झाडे पाहत पोचता येते.

कपड्यांचा एकच नियम पाळा: अंगालगत सुती काहीही नको. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि ओली झाली की तीच अंग गारठवते. आत लोकरीचा पातळ थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा जाड थर आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा थर असावा. बहुतेक ठिकाणी अंगभर झाकणारा जाड पोशाख आणि बूट फार्मवाले देतात, मात्र ते आधी विचारून घ्यावे. बूट एक माप मोठे असावेत, कारण घट्ट बुटात हवा राहत नाही आणि बोटे आधी गारठतात. चालताना थंडी कमी जाणवते, परंतु स्लेजमध्ये आपण हलत नाही. खाली रेनडिअरचे कातडे आणि पायांवर जाड पांघरूण असले तरी अर्ध्या तासात गारठा हाडांपर्यंत पोचतो. बोटे वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहतील असे हातमोजे अधिक ऊब देतात. छायाचित्रासाठी मी एकदा हातमोजे काढले आणि दोन-तीन मिनिटांतच बोटांची जाणीव गेली. ती परत येताना होणाऱ्या वेदना विसरता येत नाहीत. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, नाहीतर त्याची बॅटरी झपाट्याने उतरते.

प्रश्न : आम्ही स्टॉकहोमला राहतो. सुट्टीत उत्तर फिनलंडला जायचे आहे. सामी लोकांच्या पारंपरिक वेशात छायाचित्र काढता येईल असे फार्म सुचवाल का? तेथे बोलण्या-वागण्याचे काही संकेत असल्यास तेही सांगावेत. (वाचक, मूळ राहणार पणजी)

उत्तर : तसे फार्म सुचवणार नाही, आणि त्याचे कारण आपल्यालाही पटेल असे वाटते. सामी हे उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प येथील मूळ रहिवासी. त्यांचा ‘गाक्ती’ हा वेश म्हणजे नाटकाचा पोशाख नव्हे. त्याचा रंग, किनार आणि काठ यांवरून घालणाऱ्याचे गाव आणि घराणे ओळखता येते. पर्यटकांसाठी नकली गाक्ती चढवून उभे राहणाऱ्या माणसांमुळे सामी समाज अनेक वर्षे दुखावला गेला आहे. फिनलंडच्या सामी संसदेने 2018 मध्ये सामी पर्यटनासाठी जी नैतिक तत्त्वे स्वीकारली, त्यांचा रोख अशाच प्रकारांवर आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. आपण राहता त्या स्वीडनमध्ये आणि नॉर्वेत रेनडिअर पाळण्याचा हक्क मुख्यतः सामींचा आहे, परंतु फिनलंडमध्ये तसे बंधन नाही. तेथील अनेक रेनडिअरपालक फिन्निश आहेत. रोवानिएमी सामींच्या मूळ प्रदेशात येतही नाही. तो प्रदेश उत्सयोकी, इनारी, एनोन्तेकिओ आणि सोदान्क्युलाचा उत्तर भाग असा आहे. सामी जीवन खरोखर जाणून घ्यायचे असेल तर इनारीला जावे, तेथील ‘सीदा’ या सामी संग्रहालयात निवांत अर्धा दिवस घालवावा आणि मग एखाद्या सामी कुटुंबाच्या फार्मला भेट द्यावी. मार्चच्या अखेरीच्या सुमारास गोठलेल्या इनारी सरोवरावर रेनडिअरच्या शर्यती होतात. त्यांत स्पर्धक स्कीवर उभा राहतो आणि रेनडिअर त्याला ओढत धावतो. जमल्यास त्या अवश्य पाहाव्यात.

संकेतांविषयी: यजमानाला ‘आपल्याकडे किती रेनडिअर आहेत?’ असे विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याने बँकेतली शिल्लक विचारावी तसे ते होते. प्राण्याच्या शिंगांना हात लावू नये, डोक्यावर थोपटू नये. खाऊ द्यायचा तो पसरलेल्या हातांवर, समोर उभे राहून द्यावा. फेरी चालू असताना उठून उभे राहू नये आणि हातपाय बाहेर काढू नयेत, कारण मागच्या गाडीचा रेनडिअर बहुधा पुढच्या गाडीला बांधलेला असतो आणि तो आपल्या खांद्याशी येऊन चालतो. मोठ्याने बोलणेही टाळावे. बर्फाळ रानातली शांतता आणि त्यात ऐकू येणारा पावलांचा ‘कट्‌ कट्‌’ आवाज यांसाठीच ही फेरी घ्यायची असते.

प्रश्न : तो आवाज कशाचा असतो, आणि सगळ्याच रेनडिअरना शिंगे कशी असतात, असे माझ्या दहा वर्षांच्या नातीने विचारले आहे. आम्ही शाकाहारी आहोत, तेथे जेवणाचे काय? (आजोबा, डोंबिवली)

उत्तर : नातीला सांगा की पाऊल टाकताना घोट्याजवळचा स्नायुबंध हाडावरून सरकतो आणि तो आवाज येतो. हिमवादळात काही दिसत नसतानाही त्यामुळे कळपातले प्राणी एकमेकांच्या जवळ राहू शकतात. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगे येतात ती रेनडिअरमध्येच. आपल्या सांबराप्रमाणे ती दरवर्षी गळतात, पण नराची शिंगे हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गळतात, तर गाभण मादीची पाडस होईपर्यंत, म्हणजे मेच्या सुमारापर्यंत टिकतात, जेणेकरून उकरलेल्या खड्ड्यातले अन्न तिला राखता यावे. खच्ची केलेल्या हर्क्याचीही शिंगे हिवाळ्यात बरेच दिवस टिकतात. तिला आणखी एक गंमत सांगा: या प्राण्याच्या डोळ्यांच्या आतला आरशासारखा पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो, म्हणजे अंधुक उजेडातही त्याला पुरेसे दिसते.

फार्मवरचे नेहमीचे जेवण म्हणजे परतलेले रेनडिअरचे मांस, कुस्करलेला बटाटा आणि लिंगोनबेरीची आंबटगोड चटणी. शाकाहारी जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. मग भाज्यांचे गरम सूप, पाव आणि चीज मिळू शकते, परंतु सूप मांसाच्या रश्श्यात केलेले नाही ना, हे शब्दशः विचारून घ्यावे. फेरीनंतर ‘कोता’ या लाकडी झोपडीत मधोमध पेटलेल्या शेकोटीभोवती बसवून रानटी बेरींचा गरम रस किंवा कॉफी देतात. नातीला तो रस नक्की आवडेल.