वाचकांचे प्रश्न : पडद्यावर रंगीत चौकोन, दोष कार्डाचाच का?

प्रश्न : सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझे डीटीपीचे दुकान आहे. ज्या डेस्कटॉपवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइन होतात, त्यावर गेल्या पंधरवड्यापासून काम सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने रंगीत चौकोन उमटतात, पडदा क्षणभर काळा होतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा संदेश येतो. दुरुस्ती करणाऱ्याने केस न उघडताच पाच वर्षांचे ग्राफिक्स कार्ड गेल्याचे सांगितले. मी स्वतः उघडून पाहिले, तर कार्डाच्या पंख्यावर हळदीचा पिवळा थर होता. ऐन लग्नसराईत नवे कार्ड घ्यावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : केस न उघडता दिलेला निकाल आपण मान्य करू नये, असे मला ठामपणे वाटते. कार्ड बिघडलेले असूही शकेल. पण केबल, ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर), साचलेली धूळ आणि एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) यांच्यातले दोषही पडद्यावर बरेचसे असेच दिसतात, आणि ते दूर करण्याचा खर्च नव्या कार्डाच्या मानाने बहुधा किरकोळ असतो.

चौकोन उमटलेले असतानाच प्रिंट स्क्रीनची कळ दाबून ते चित्र साठवावे आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर पाहावे. तिथे ते स्वच्छ दिसले, तर संशय केबलकडे आणि मॉनिटरकडे जातो. मात्र आपल्याला आलेला संदेश पाहता चित्रातही चौकोन सापडतील, असा माझा अंदाज आहे. तसे झाल्यास लगेच संगणक पुन्हा सुरू करून बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावर जावे. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालतच नाही, त्यामुळे चौकोन तिथेही दिसले तर ड्रायव्हर निर्दोष ठरतो. ते न दिसल्यास जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये (मोजक्याच सोयींसह चालणाऱ्या विंडोजमध्ये) पूर्ण काढून, कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेला नवा बसवावा.

माझा मुख्य संशय मात्र उष्णतेवर आहे, कारण संगणक सुरू करताच नव्हे, तर अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे कार्ड तापल्यावर, दोष प्रकट होतो. नव्या विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात जीपीयूचे, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचे, तापमान दिसते. भरपूर काम चालू असताना ते ८० अंशांच्या आसपास राहणे अनेक कार्डांना चालते; पण ते ९० च्या पुढे चढतच गेले आणि त्याच सुमारास चौकोन आले, तर दुखणे सापडले असे समजावे. आपण पाहिलेला पिवळा थर पंख्यापुरता नसतो. पंख्याखालच्या हीटसिंकच्या (चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पात्यांमध्ये तो नमद्यासारखा घट्ट बसतो आणि पंखा फिरत असूनही हवा आत शिरत नाही. सफाईपूर्वी संगणकाची वायर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डावरून काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, कार्ड स्लॉटमधून काढून ब्लोअरने झटकावे, आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो झोताने भरमसाट वेगाने फिरून खराब होऊ शकतो. पाच वर्षांत चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्टही वाळलेली असू शकते. ती जाणकाराकडून बदलून घ्यावी.

कार्ड बाहेर काढलेच आहे, तर त्याला वीज देणारा प्लगही पाहावा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या प्लगमधून १५०. हा प्लग सैल असेल, पिनांजवळ प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल किंवा एसएमपीएस थकला असेल, तर कामाचा ताण येताच कार्ड कोसळते.

एवढे करूनही चौकोन राहिले, तर हेच कार्ड पुरेशा ताकदीचा एसएमपीएस असलेल्या ओळखीच्या एखाद्या संगणकात बसवून तासभर त्यावर आपलेच जड काम करून पाहावे. तिथेही तेच घडले, तर कार्ड गेले, आणि मग ओव्हनमध्ये भाजून चिप ‘जिवंत’ करण्याच्या उपायांच्या नादी लागू नये. तसे कार्ड चाललेच, तरी थोडे दिवस चालते आणि हातात घेतलेल्या पत्रिकांच्या मध्येच दगा देते. नवे कार्ड येईपर्यंत, आपल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला जोडून काम चालू ठेवता येईल. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असते, त्यांत ती नसते.