मूळ ग्राफ्लेक्सला ड्रिल लावायच्या आधी

तुम्ही ग्वाल्हेरहून लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशची जुनी नळी सापडली, ती ग्राफ्लेक्स या जुन्या अमेरिकन कॅमेरा कंपनीची निघाली आणि आता तिची लाइटसेबरची, म्हणजे स्टार वॉर्समधल्या प्रकाशाच्या तलवारीची, मूठ करायची आहे. चार्जिंगचं भोक कुठे पाडू आणि वरचे डाग घासून नवी करून घेऊ का, असे दोन प्रश्न आहेत. हेच दोन प्रश्न काही वर्षांपूर्वी मलाही पडले होते आणि दोन्हींची उत्तरं मी चुकीची काढली. म्हणून लांबलचक लिहितोय.

उजेड-आवाज चालवणारा बोर्ड कुठला, आवाजाच्या फाइली कशा भरायच्या, यावर भरपूर लिहून झालंय, ते सोडतो. मी बँकेत नोकरी करणारा माणूस आहे, इंजिनिअर नाही. जे हाताने केलं तेवढंच सांगतोय.

माझी नळी मामांची. इंदूरला जेल रोडवर त्यांचा स्टुडिओ होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांचे, फोटो काढायला जायचे तेव्हा तीन मोठे सेल घातलेली ही नळी कॅमेऱ्याच्या कडेला लावलेली असायची. बल्ब उडाला की गरम काच रुमालात धरून काढायची, ते काम माझं. मामा गेल्यावर मामींनी ती मलाच दिली. १९७७च्या स्टार वॉर्समध्ये नायक ल्यूकच्या लाइटसेबरची मूठ ज्या फ्लॅशच्या नळीपासून केली, ती हीच तीन सेलवाली ग्राफ्लेक्स, हे मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या एका फोटोच्या दुकानात अशा नळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी पकडीसाठी काळ्या पट्ट्या सुपरग्लूने चिकटवल्या. नळीवरच्या क्लॅम्पमध्ये कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची भिंगांची पट्टी बसवली.

मला त्यात उजेड आणि आवाज दोन्ही हवे होते. चार्जिंगच्या सॉकेटसाठी १२ मिलिमीटरचं भोक लागणार होतं. नळी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली आणि घरचं हँड ड्रिल लावलं. तीन मिलिमीटरचं भोक व्यवस्थित पडलं. मग सरळ मोठा बिट चढवला. तो आत शिरता शिरता एकदम अडकला, नळी हातातून गर्रकन फिरली, भोकाची कड फाटून ओठासारखी बाहेर आली आणि शेजारी अंगठ्याएवढा पोचा पडला. वरून चांदीसारखी दिसत असली तरी ही नळी आतून पितळेची असते. पोलोग्राउंडच्या एका लेथवाल्याने नंतर बघितल्या बघितल्या सांगितलं, "भैया, पीतल है, बिट को खींच लेता है." पितळेसाठी बिटाची धार आधी दगडावर मारून थोडी बोथट करतात, नळीत लाकडाचा दट्ट्या घट्ट ठोकतात आणि भोक टप्प्याटप्प्याने मोठं करतात. तीन गोष्टी, आणि मला त्यातली एकही माहीत नव्हती.

तरी भोक आणि पोचा हे माझं खरं नुकसान नाही. पोचा आतून लाकडी साच्यावर बसवता आला असता, भोक तर मुठीच्या खालच्या बाजूला होतं. मी घाबरलो आणि ते लपवायला निघालो, तिथे घात झाला. मामींना दिसू नये म्हणून नळी एका प्लेटिंगच्या कारखान्यात दिली. भोकाची कड बसवा आणि वरून नवा मुलामा चढवा, एवढंच सांगितलं. मुलाम्याच्या आधी बफिंग करतात हे मला ठाऊक होतं. बफिंग म्हणजे वरचा थर घासून काढणं, याचा मात्र मी विचारच केला नाही. चार दिवसांनी नळी परत मिळाली. आरशासारखी. "एकदम नया कर दिया," कारखानेवाला कौतुकाने म्हणाला, आणि त्याच्या कामात खोट नव्हतीच.

तळाचा ग्राफ्लेक्स, रॉचेस्टर हा ठसा अर्धा पुसला होता. त्याच्या वर मामांनी कंपासच्या टोकाने आपलं नाव कोरलेलं होतं, कारण लग्नाच्या गर्दीत सामान इकडचं तिकडे व्हायचं. ते संपूर्ण गेलं. बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. मी तिथेच काउंटरवर उभा राहून उजेडात फिरवून फिरवून बघत होतो. मामींनी नंतर नळी हातात घेतली, तळ पाहिला आणि काही न बोलता परत दिली.

म्हणून माझं मत एकांगी आहे आणि ते तसंच राहील: मूळ नळीला ड्रिल नको, पॉलिश नको, मुलामा नको. काही जण म्हणतील तुमची वस्तू, तुमची मर्जी. ते खरंच आहे. पण या मूळ नळ्या आता कुणी बनवत नाही आणि आपल्यासारख्यांनीच त्या इतक्या कापल्या आहेत की जुने कॅमेरे जमवणारे आपल्या नावाने बोटं मोडतात. उजेड-आवाजासाठी हुबेहूब मापाची नवी नळी मिळते, ती घ्या आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करा. मूळ नळीत काही घालायचंच असेल तर आत सरकवता येणारी चेसिस, म्हणजे बोर्ड आणि सेल धरणारा सांगाडा, घ्या. सेल बाहेर काढून चार्ज केला की सॉकेटचं भोक लागतच नाही. पट्ट्या दुहेरी टेपने लावा.

आत जुना सेल गळून पांढरं-हिरवं साचलं असेल तर खरवडू नका. तेव्हाचे झिंक-कार्बन सेल आम्लधर्मी गळतात, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून कापसाने हलकेच पुसा. अल्कलाइन सेल गळाला असेल तर उलट, व्हिनेगर.

१८६५० सेल (मुठीत बसणारा चार्ज होणारा लिथियम सेल) घेताना टॉर्चवाल्याकडचे ९९०० एमएएच क्षमता छापलेले घेऊ नका. त्या आकारात साधारण ४०००च्या वर क्षमता बसतच नाही. पिक्सेलचं, म्हणजे आत एलईडीची पट्टी असलेलं, पातं पूर्ण पांढऱ्या उजेडात भरपूर करंट ओढतं, सेल तेवढा देणारा हवा. पातं पॉलिकार्बोनेटचं घ्या, अ‍ॅक्रिलिकचं आदळलं की फुटतं. आणि पिक्सेलच्या पात्याने मुलांना लढू देऊ नका, आतली एलईडीची पट्टी तुटते.

परदेशातून मागवणार असाल तर आधी हिशेब करा. २०२० साली खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राची अट आहे. तुमची मूठ खेळणं धरतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. माझं एक पार्सल सतरा दिवस अडकलं होतं, रोज फोन केला तरी तिथला माणूस रोज वेगळाच कागद मागायचा. तो विषय नकोच.

तुमचे फोटो पाहिले, पण तळाचा एकही नाही. तो टाका. टॉर्च समोरून मारू नका, नळीला चिकटवून आडवा धरा आणि सावकाश फिरवा. आजोबांनी काही कोरलेलं असेल तर ते अशाच उजेडात दिसतं.