पोरगी सर्न म्हणतीय, दाजी म्हणतात फील्ड संपलं

नमस्कार दादा,

पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, बायो सोडून पीसीएम घेतलेलं, तुमचं उद्यमनगरला मशीन शॉप, घरात सगळ्यांनी कॉम्प्युटर इंजिनियरिंग धरूनच ठेवलेलं आणि ही मात्र पार्टिकल फिजिक्सच (मूलकणांचं भौतिकशास्त्र) करणार म्हणून अडून बसलीय. त्यात पुण्याच्या दाजींनी सांगितलंय की २०१२ ला हिग्स बोसॉन नावाचा कण सापडला, त्यानंतर त्या एवढ्या मोठ्या मशीनमधनं काहीच निघालं नाही, फील्ड संपलं. तुमचे प्रश्न दोन, दाजींचं खरं का, आणि पोटापाण्याचं काय.

दाजींचं अर्धं खरं आहे. जिनिव्हाजवळ सर्न ही प्रयोगशाळा आहे, तिथं एलएचसी नावाच्या मशीनमध्ये, जमिनीखाली २७ किलोमीटरच्या बोगद्यात, प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात, आणि स्टँडर्ड मॉडेल नावाच्या थिअरीत बसत नाही असा एकही नवा मूलकण तिथं अजून पक्का सापडलेला नाही. पण तिथलं रोजचं काम नवा कण शोधणं एवढंच नसतं, थिअरीनं सांगितलेला आकडा खरा निघतो का हे मोजणं हे जास्त असतं, आणि ते काम तुम्हाला दाजींपेक्षा लवकर कळेल बघा.

डब्ल्यू बोसॉन म्हणून एक कण आहे. त्याचं वस्तुमान ८०,३५५ एमईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास असायला पाहिजे असं थिअरी म्हणते. अमेरिकेत शिकागोजवळ फर्मीलॅबचं मशीन २०११ लाच बंद झालं, पण तिथल्या सीडीएफ प्रयोगाच्या लोकांनी जुना डेटा दहा वर्षं घासून २०२२ ला आकडा काढला ८०,४३३, मोजण्यातली संभाव्य चूक साधारण ९ ची. म्हणजे थिअरीपासनं लांबच, लई गाजलं ते. मग सप्टेंबर २०२४ ला सर्नच्या सीएमएस प्रयोगानं आपला आकडा दिला, ८०,३६०, चूक १० च्या आसपास, आणि तो थिअरीवर बरोबर बसला. आता एकाच जॉबची दोन गेजनं दोन मापं आली तर तुम्ही लगेच ड्रॉइंग फाडता का? आधी गेज बघता. तेच चाललंय, दोघांत फरक का पडला ते अजून उलगडलेलं नाही.

आणि हे मोजणं सोपं नाही. डब्ल्यू जन्मल्या जन्मल्या फुटतो, त्यातनं एक म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि एक न्यूट्रिनो निघाला तर न्यूट्रिनो डिटेक्टरला न दिसता पसार होतो, मग हातात उरलेल्या एकट्या म्युऑनवरनं सगळा हिशोब लावायचा. त्या म्युऑनचा संवेग मोजण्यात दहा हजारात एक एवढी जरी गडबड झाली तरी आकडा हलतो, म्हणून वर्षानुवर्षं नुसतं कॅलिब्रेशन चालतं. पेपरात याचा फोटो येत नाही ओ.

उलटं पण होतं. डिसेंबर २०१५ ला सर्नच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांना ७५० जीईव्हीजवळ (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या जरा जास्त दिसल्या, थिअरीवाल्यांनी काही महिन्यांत शेकड्यानं पेपर लिहिले, आणि ऑगस्ट २०१६ ला जास्त डेटा आला तसा तो उंचवटा गायब. म्हणूनच तिथं फाइव्ह सिग्मा झाल्याशिवाय शोध म्हणत नाहीत, म्हणजे नवीन काही नसताना निव्वळ योगायोगानं असा उंचवटा यायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक.

तर पोरीला हे आवडतं का, हे आधी बघा. बिग बँग, ब्लॅक होलचे व्हिडिओ सगळ्यांनाच आवडतात, त्यावर जाऊ नका. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा खरा डेटा फुकट आहे, दोन म्युऑनच्या नोंदींची साधी सीएसव्ही फाइल मिळते, एक्सेलमध्ये पण उघडते. दोन्ही म्युऑनची ऊर्जा आणि संवेग घेऊन इनव्हेरियंट मास, म्हणजे ते दोन ज्या कणातनं निघाले त्याचं वस्तुमान, काढायचं आणि हिस्टोग्राम मांडायचा. ३.१ जीईव्हीला एक टोक वर येतं, तो जे-साय नावाचा कण, आणि ९१ ला झेड बोसॉन. मग तिला बिन (हिस्टोग्रामचे खण) लहानमोठे करून बघायला सांगा, भलत्याच ठिकाणी खोटे उंचवटे उगवतात आणि जातात. त्यात ती तासन्‌तास रमली, आपलंच उत्तर खोडायला लागली, तर अडवू नका. चार दिवसांत कंटाळली तर वाद आपोआप मिटला.

रस्ता सांगतो. एमएचटी-सीईटीवर इथं काही होत नाही. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, तशाच नायसर भुवनेश्वर आणि मुंबईच्या सीईबीएस या संस्थांसाठी नेस्ट. आयएटीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सबरोबर बायोलॉजीचे पण प्रश्न असतात आणि हिनं बायो सोडलंय, तेव्हा अकरावी-बारावीचं एनसीईआरटी बायो आत्तापासनं वाचायला घ्या. नाही लागला नंबर तर कोल्हापुरातच बीएस्सी फिजिक्स करून जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, हा रस्ता पण चांगला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्सचं नाव आहे पण ते थिन फिल्म, मटेरियल्समध्ये. कोलायडरच्या (कण आपटवणाऱ्या मशीनच्या) कामासाठी मुंबईचं टीआयएफआर, आयसर पुणे, कोलकात्याचं साहा इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी जावं लागतं.

पैशाचं लपवत नाही. आयसरचं बीएस-एमएस पाच वर्षं, पीएचडी आणखी पाच-सहा, त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती महिन्याला ३७,००० अधिक घरभाडं, मग परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), कायमची नोकरी तिशी उलटल्यावर, आणि जागा कमी. तिला निव्वळ थिअरी पाहिजे असेल तर अजूनच कमी. प्रयोगाकडं गेली तर प्रोग्रामिंग, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स हाताखालनं जातं, मधेच बाहेर पडली तरी नोकरी मिळते. हाय-लुमिनॉसिटी एलएचसी, म्हणजे त्याच मशीनची जास्त टकरा देणारी पुढची आवृत्ती, २०३० च्या सुमारास सुरू करायचं नियोजन आहे, म्हणजे हिच्या पीएचडीच्या वेळेला डेटा येत असेल, आणि हिग्सची हिग्सशीच होणारी क्रिया तोवर तरी नीट मोजून झालेली नसणार.

इंजिनियरिंगच करायचं ठरलं तरी सर्न तुटत नाही. तिथल्या पगारी स्टाफमध्ये संशोधकांपेक्षा इंजिनियर आणि टेक्निशियन कितीतरी जास्त आहेत. भारत २०१७ पासनं असोसिएट मेंबर आहे, त्यामुळं आपल्या लोकांना तिथं अर्ज करता येतो आणि आपल्या कंपन्यांना टेंडर भरता येतं. एलएचसीचे ३५-३५ टनांचे मॅग्नेट ज्या जॅकवर उभे आहेत ते भारतात बनलेत. तुम्हीच बघा जरा त्या टेंडरचं!

आयएटीचा फॉर्म ऑनलाइन असतो, तारखा आयसरच्या साइटवरच बघा. क्लासवाल्यांना विचारायला गेलात तर ते सीईटीचंच पॅकेज गळ्यात मारतील.