कोळशी हटत नसेल तर आधी गाळलेल्या अर्काचा रंग पाहा

काटोलकडील आपल्या संत्राबागेत निंबोळी अर्काच्या 3 फवारण्या करूनही काळी माशी हटली नाही आणि कोळशीने, म्हणजे त्या किडीच्या चिकट स्रावावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीने, पाने पूर्वीइतकीच काळी राहिली, तेव्हा ही वनस्पतीजन्य औषधे म्हणजे निव्वळ थोतांड आहे काय, असे आपण विचारले आहे. त्या मजकुरातील ‘अनुदानावर मिळालेली तयार पावडर’ या शब्दांवर मी थांबलो, कारण 6 वर्षांपूर्वी वरुडकडील माझ्या बागेत मी नेमका याच पावडरीवर विश्वास ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या अंबिया बहाराचे नुकसान करून घेतले होते.

मी कृषी पदवीधर नाही. जे लिहितो आहे ते माझ्या 300 झाडांपुरते समजावे. अर्क कसा करायचा हे आपणास ठाऊक आहे आणि 100 लिटर पाण्यास 5 किलो हे आपले प्रमाणही बरोबर आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

त्या वर्षी माझ्याकडे स्वतः वेचलेल्या निंबोळ्या नव्हत्या. एका कार्यालयातून योजनेतील गोण्या मिळाल्या आणि गोणीवर निंबोळी पावडर असेच छापलेले होते. रात्री भिजवलेले फडके सकाळी पिळले, तेव्हा बादलीत उतरलेले पाणी पातळ, चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी होते. निंबोळीच्या बियांतील गराचा अर्क दुधासारखा पांढरट उतरतो आणि बोटांना तेलकट लागतो, हे मी वडिलांच्या हाताखाली लहानपणापासून पाहिलेले होते. तरीही गोणीवरच्या छापील शब्दापुढे मी स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवले आणि 15 दिवसांच्या अंतराने तेच पाणी दोनदा बागेवर मारले. पुढे तेलघाण्यावरील एका जाणत्या माणसाने चिमूटभर पावडर चोळून पाहिली आणि ही तेल काढून घेतलेली ढेप आहे, असे सांगितले. ढेप जमिनीत घालायला उत्तम. तिच्यात थोडा कडवटपणा उरतोही, परंतु फवारणीसाठी तिचा भरवसा धरता येत नाही.

तक्रार घेऊन गेलो असता त्या कार्यालयात प्रथम माझे माप चुकले असेल असे सांगण्यात आले. नंतर सीलबंद नमुना आणा असे सांगण्यात आले, जो उघडलेल्या गोणीतून आणणे शक्यच नव्हते. आणि शेवटी साठा संपल्यामुळे आता तपासणी होणार नाही, असे उत्तर मिळाले. माझे तीन हेलपाटे झाले. त्यात गेलेल्या तीन आठवड्यांत काळ्या माशीच्या अंड्यांतून निघालेली पिले पानांच्या मागे खवल्यांसारखी घट्ट चिकटून बसली आणि त्यानंतर अस्सल अर्क मारूनही फारसा उपयोग झाला नाही.

इथेच दुसरा मुद्दा येतो, ज्याकडे आपणही दुर्लक्ष केले असावे असा माझा तर्क आहे. कडुनिंब किडीला जागच्या जागी पाडत नाही. त्यातील अझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे कीड खाणे सोडते आणि पिलांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. 1959 साली सुदानमध्ये टोळधाडीनंतर कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिल्याचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटरर यांनी पाहिले होते, तेही टोळांनी त्या झाडाला तोंड लावले नाही म्हणून. त्यामुळे उडणाऱ्या काळ्या माश्यांवर अर्क मारून त्या पडतील अशी वाट पाहू नये. नवतीच्या, म्हणजे नव्या पालवीच्या, कोवळ्या पानांच्या मागे चक्राकार घातलेली अंडी भिंगातून पाहावीत आणि त्यातील सुमारे निम्मी फुटली की पहिली फवारणी, तर 15 दिवसांनी दुसरी करावी. फवारणीची गन खालून वर धरावी; वरून भिजवलेली बाग रस्त्यावरून छान दिसते, एवढाच तिचा उपयोग. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात हे द्रव्य लवकर विघटित होते. आमच्याकडील बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातही ते टिकत नाही, म्हणून मी विहिरीचे पाणी वापरतो आणि अर्क त्याच दिवशी संपवतो.

आधीच काळी झालेली पाने फवारणीने लगेच हिरवी होणार नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. नवीन पालवी स्वच्छ निघाली तर अर्क लागू पडला असे मी मानतो.

अर्क पुरेसा वाटत नाही म्हणून त्यात तंबाखूचा काढा किंवा सीताफळाच्या बियांची भुकटी मिसळण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. झाडपाल्याचे आहे म्हणजे निर्धोक आहे, ही समजूत मला धोकादायक वाटते: निकोटिन कातडीतून अंगात भिनते आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. दोन्ही मी वापरत नाही. तसेच खोडाला भोक पाडून राहणाऱ्या साल खाणाऱ्या अळीवर पानांवरची फवारणी वाया जाते, आणि खोडातून डिंक गळतो तो डिंक्या तर बुरशीचा रोग आहे. या दोहोंसाठी अर्काला दोष देणारे लोक मला दर हंगामात भेटतात.

आपल्याकडे ती पावडर थोडी जरी उरली असेल, तर मूठभर काचेच्या पेल्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून पिळा आणि त्या पाण्याचे, तसेच नवतीच्या पानाच्या मागील बाजूचे छायाचित्र येथे टाका. गोणीचे छायाचित्र नको.